भुयार, वेताळ आणि प्रीती : व्हिक्टोरियाच्या काळातील मराठी अद्भुत कादंबरी

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हाती अलीकडे इंग्रजी कादंबऱ्यांचा एक विशिष्ट प्रकार दिसू लागला आहे. मुखपृष्ठावर धुक्यात बुडालेला जुना वाडा, वरच्या खिडकीत मिणमिणता दिवा आणि लांब झग्यातील सोळा-सतरा वर्षांची मुलगी. कथानक बहुधा राणी व्हिक्टोरियाच्या काळात घडते. नायक माणूस आहे की पिशाच, याचा उलगडा मध्यावर होतो आणि तोपर्यंत नायिकेचे मन त्याच्यावर जडलेले असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्वायलाइट' या कादंबरीनंतर अशा पुस्तकांना जगभर उधाण आले. आपल्या ग्रंथालयातही काही प्रती आल्या आणि त्यांच्यासोबत दोन प्रश्न आले. भूतपिशाच न मानणाऱ्यांच्या शाळेत अशी पुस्तके वाचावीत काय, हा पहिला. आणि असे काही मराठीत कधी लिहिले गेले काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक रंजक आहे आणि ते शोधताना पहिल्याचेही बरेचसे उत्तर मिळते.

आधी 'गॉथिक' हा शब्द पाहू. मध्ययुगीन युरोपातील टोकदार कमानींच्या, उंच आणि अंधाऱ्या बांधणीला हे नाव पडले. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या बांधणीचे व्हिक्टोरियाकालीन रूप पाहिलेलेच आहे. १७६४ साली होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने अशाच एका गढीत घडणारी भयकथा लिहिली आणि इमारतीचे नाव वाङ्मयप्रकाराला मिळाले. पडकी गढी, तिच्याखालचे भुयार, बंद दालन, पूर्वजांचे पाप आणि त्या साऱ्यात अडकलेली एक तरुण स्त्री, हा या कथेचा ठरलेला साचा झाला. १८१८ साली 'फ्रँकेन्स्टाइन' प्रसिद्ध झाली. ती लिहावयास घेतली तेव्हा मेरी शेली अवघ्या अठरा वर्षांची होती. व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ या काळात गादीवर होती. त्या चौसष्ट वर्षांत या साच्यातून 'जेन एअर' (१८४७), 'वदरिंग हाइट्स' (१८४७), 'कार्मिला' (१८७२) आणि 'ड्रॅक्युला' (१८९७) अशी पुस्तके निघाली. शिवाय एका पेनीला मिळणाऱ्या साप्ताहिक पुस्तिका होत्याच. त्यांत रक्तपिपासू पिशाचे आणि लांडग्याचे रूप घेणारी माणसे आठवड्यामागून आठवडे धुमाकूळ घालीत, आणि गिरण्यांतील व दुकानांतील पोरे त्या पुस्तिका वर्गणी काढून वाचीत.

हा काळ आपल्यापासून फार दूरचा वाटत असेल, तर नागपूरची एम्प्रेस मिल आठवावी. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. गिरणीचे नाव तेथूनच आले. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा त्या गिरणीत राबले आहेत. व्हिक्टोरियाचा काळ आपल्याही घरातून गेलेला आहे तो असा.

आता मराठीकडे वळू. येथे पहिलीच गंमत अशी की, ज्या शब्दाने आपण या संपूर्ण वाङ्मयप्रकाराला ओळखतो, तो 'कादंबरी' हा शब्द मुळात एका अलौकिक प्रेमकथेचे आणि तिच्या नायिकेचे नाव आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने 'कादंबरी' लिहावयास घेतली. ती अपुरी राहिली आणि त्याच्या पुत्राने पूर्ण केली. या कथेत प्रियकर विरहाने मरतात, शापाने पुन्हा जन्मतात, कुणी राजा होतो, कुणी पोपट होतो. चंद्रापीडाचा देह प्राण गेल्यावरही कुजत नाही आणि कादंबरी त्या निश्चेष्ट देहाशेजारी त्याच्या परतण्याची वाट पाहत बसते. आजच्या इंग्रजी प्रकाशकाच्या हाती ही कथा पडली, तर तिच्या मुखपृष्ठावर काय छापले जाईल हे सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकातील काही मराठी लेखकांनी प्रारंभी 'नावल' हा इंग्रजी शब्दच वापरून पाहिला. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ च्या प्रसिद्ध निबंधात 'नावल व नाटक' असाच जोड आहे. टिकला मात्र बाणभट्टाच्या नायिकेचा शब्द.

त्याच बाणाच्या कथेतील एक प्रसंग आपण जरा निराळ्या डोळ्यांनी वाचला पाहिजे. तो बोलका पोपट राजसभेत घेऊन येते ती एक चांडाळकन्या. कवी तिच्या सौंदर्याचे भरभरून वर्णन करतो आणि असे रूप अशा कुळात जन्मास यावे याबद्दल हळहळतो. शेवटी उघड होते की ती चांडाळकन्या नव्हेच, साक्षात लक्ष्मी होती! अद्भुतात पोपट वेद बोलू शकतो, मेलेला उठू शकतो. परंतु चांडाळाची मुलगी चांडाळाची मुलगी राहून सुंदर आणि आदरणीय असू शकत नाही. कल्पनाशक्तीलाही गावकूस असते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला ठाऊक नाही.

बाणाहून आपल्याला जवळचा आहे भवभूती, कारण तो विदर्भाचा. त्याने आपले गाव पद्मपूर असे सांगितले आहे आणि नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी ते गाव म्हणजे आमगावजवळचे, आज गोंदिया जिल्ह्यात असलेले पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. आठव्या शतकातील या कवीचे 'मालतीमाधव' हे दहा अंकी नाटक म्हणजे गॉथिक प्रेमकथेची सगळी सामग्री एका ठिकाणी आहे. नायक माधव हा विदर्भाच्या मंत्र्याचा मुलगा, कुंडिनपुराहून पद्मावती नगरीत शिकण्यासाठी आलेला. मालती ही तेथील मंत्र्याची मुलगी. राजाला ती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यावयाची आहे आणि बापाला राजाला नकार देता येत नाही. निराश माधव रात्री स्मशानात जातो आणि हाती नरमांस घेऊन भुताखेतांना ते विकत घ्या म्हणून हाका मारतो. त्या बदल्यात आपली इच्छा सिद्धीस जावी, एवढीच त्याची आशा. त्याच रात्री जवळच्या चामुंडेच्या देवळात अघोरघंट नावाचा कापालिक मालतीचा बळी देण्याच्या तयारीत असतो. किंकाळी ऐकून माधव धावतो आणि कापालिकाला ठार करतो. पुढे त्याची शिष्या कपालकुंडला सूड म्हणून मालतीला पळवून नेते.

या नाटकातील सर्वांत कर्तबगार पात्र मात्र नायक नव्हे, नायिकाही नव्हे. ते आहे कामंदकी नावाची वृद्ध बौद्ध भिक्षुणी. मालतीचा आणि माधवाचा पिता हे दोघे तिचे विद्यार्थिदशेतील सहाध्यायी. तिघे एकत्र शिकत असताना त्या दोघांनी आपल्या मुलांचा विवाह एकमेकांशी करण्याचा शब्द दिला होता आणि तिने तो ऐकला होता. एका मुलीने मुलांसोबत विद्या घेतली आणि पुढे चीवर घेतले, हे कवी कुठलेही आश्चर्य न दाखवता सांगून जातो. राजाज्ञेपुढे बाप हतबल होतो, तेव्हा ही भिक्षुणी आपल्या अवलोकिता व बुद्धरक्षिता या साहाय्यिकांसह सूत्रे हाती घेते. दोन तरुणांच्या मनातील ओढ खरी आहे की नाही हे पारखते आणि मग त्यांना एकत्र आणते. मालतीला अखेर वाचवते ती सौदामिनी, हीसुद्धा कामंदकीचीच पूर्वीची शिष्या. भिक्षुणीने लग्ने जुळवावीत हे विनयाच्या नियमांत बसत नाही आणि भवभूती स्वतः वैदिक परंपरेतला. तेव्हा हे बौद्ध जीवनाचे यथार्थ चित्र आहे असे कोणी मानू नये. परंतु विदर्भाच्या या कवीला तरुणांच्या पसंतीचा पाठीराखा शोधावासा वाटला तेव्हा त्याला घरातला वडीलधारा सापडला नाही, भिक्षुणी सापडली, एवढे मात्र नोंदवून ठेवावे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे सारे संचित नव्याने छापखान्यात उतरले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली होतीच. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी 'मालतीमाधव' मराठीत आणले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून अरबी रात्रींच्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत देण्यास आरंभ केला. दुसरीकडे इंग्रजी शाळांत शिकलेली पिढी विलायती कादंबऱ्या वाचू लागली होती. वेताळ तर उलट दिशेनेही प्रवासाला निघाला : १८७० साली रिचर्ड बर्टन याने विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळाचा सरळ 'व्हँपायर' करून टाकला. आपला वेताळ झाडाला लोंबकळणारा, कोडी घालणारा, न्यायाचे सूक्ष्म प्रश्न विचारणारा. रक्त पिण्यापेक्षा वाद घालण्यात त्याला रस अधिक. पण इंग्रज वाचकाला ओळखीचे नाव हवे होते.

या दुहेरी पाण्यावर मराठी अद्भुत कादंबरी वाढली. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. त्यांच्या यशामुळे पुढची दोन-तीन दशके अशा पुस्तकांची रीघच लागली. राजकन्या व राजपुत्र, पाहताक्षणी जडलेले प्रेम, दुष्टांची कारस्थाने, अपहरण, घनदाट अरण्य, गुहा, बंदिवास, वेषांतर, चमत्कार, दीर्घ वियोग आणि शेवटी सज्जनांचे मीलन व दुर्जनांना शासन. भाषा संस्कृतप्रचुर, चंद्रोदयाचे वर्णन सुरू झाले की पानभर थांबत नाही. आजच्या वाचकाला ही पुस्तके जड वाटतील हे कबूल केले पाहिजे. कलाकृती म्हणून त्यांची थोरवी सांगण्यात अर्थ नाही. मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा साक्षेपी इतिहास लिहिला तो नागपूरच्याच कुसुमावती देशपांडे यांनी. मॉरिस कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या या विदुषींचा 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा ग्रंथ १९५३-५४ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयात कोणाला पुढे जावयाचे असेल त्याने तेथूनच सुरुवात करावी.

परंतु 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी जे लिहून ठेवले आहे, ते संपूर्ण कादंबरीपेक्षा मोलाचे आहे. अद्भुताचा आश्रय का घेतला, याचे कारण ते देतात. त्यांचा आशय असा : आपल्या लोकांच्या विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांमुळे त्यांच्या आयुष्यात मन रमेल असे गुण किंवा अवगुण सापडतच नाहीत. रोज डोळ्यांपुढे घडते तेवढेच लिहावे तर ते कोणास गोड लागणार नाही. म्हणून मनोरंजन करावयाचे तर अद्भुताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही.

हे वाक्य वरवर साधे आहे, पण त्यात एका समाजाची कबुली दडलेली आहे. प्रेमकथेला दोन तरुण माणसे लागतात. ती अविवाहित असावी लागतात. त्यांची गाठ पडावी लागते आणि 'होय' किंवा 'नाही' म्हणण्याची थोडी तरी मोकळीक त्यांना असावी लागते. 'जेन एअर'ची नायिका थॉर्नफील्डच्या वाड्यात नोकरीस जाते तेव्हा अठरा वर्षांची आहे. 'कार्मिला'तील निवेदिका एकोणीस वर्षांची, 'ड्रॅक्युला'तील ल्युसीही तेवढीच, आणि तिघीही कुमारिका. त्याच काळात पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरात एकोणीस वर्षांची स्त्री एक तर दोन-तीन मुलांची आई असे, नाही तर केशवपन केलेली विधवा. १८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय दहा ठरवले होते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या लग्नाला आपली संमती नव्हती म्हणून नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले, तेव्हा १८८४ पासून चार वर्षे खटला चालला आणि १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८९१ साली संमतीचे वय बारा झाले, तर त्यावरही केवढे वादळ उठले!

म्हणजे बालपण आणि संसार यांच्यामध्ये जो काळ असतो, ज्याला आज आपण किशोरवय आणि तारुण्य म्हणतो, तो काळच मुलींच्या आयुष्यातून वगळलेला होता. दहा वर्षांची मुलगी एका दिवसात सून होत असे. मग लेखकाने प्रीती दाखवावी कोठे? ती त्याला अरण्यात, गुहेत, भुयारात, राक्षसाच्या तावडीत दाखवावी लागली. राजकन्या पळवली गेली तरच ती उंबरठ्याबाहेर येणार. वेषांतर केले तरच राजपुत्राशी बोलणार. चमत्कार वेलबुट्टीसाठी आलेला नाही. दोन तरुण माणसांनी एकमेकांस निवडावे, हाच त्या समाजात सर्वांत मोठा चमत्कार होता आणि बाकीचे चमत्कार त्याला सोबत म्हणून आले. इंग्रजी गॉथिक कथेत तरुण स्त्री गढीत अडकते आणि सुटू पाहते. मराठी अद्भुत कथेत ती संकटात सापडते तेव्हाच थोडी सुटते.

गढी पुढे खऱ्या घरात आली ती हरिभाऊ आपट्यांच्या हातून. त्यांनी पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ साली लिहिली, ती रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या आधाराने. पेनीच्या पुस्तिकांतून लांडगा-माणसाची कथा लिहिणारा तो हाच रेनॉल्ड्स. हिंदुस्थानात त्याचे वाचक अमाप होते. पण 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीत हरिभाऊंना पिशाचाची गरज उरली नाही. यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत सांगते : लहानपणीचे लग्न, सासर, वाचू-लिहू देणाऱ्या नवऱ्याचा अकाली मृत्यू आणि मग शंकरमामंजींच्या सत्तेखाली बळजबरीने झालेले केशवपन. 'जेन एअर'मध्ये माळ्यावर कोंडलेली एक स्त्री आहे आणि रात्री तिचे हसणे ऐकू येते, हे गॉथिक साहित्यातील गाजलेले भय होय. मराठी वाड्यात अशी काळोखी खोली घरोघर होती आणि तिच्यातील स्त्रीचे रडणे कोणासही भीतिदायक वाटत नव्हते.

मात्र ही सारी चर्चा अजून लेखकांच्या बाजूने चालली आहे. वाचकांच्या बाजूने, आणि तेही एका स्त्रीवाचकाच्या बाजूने, पहिला खणखणीत आवाज आला तो आपल्या विदर्भातून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले, प्रती पाचशे. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेचे आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवर उठवलेल्या झोडीचे. ताराबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. स्त्रियांविषयी पुरुषांनी लिहिलेली पुस्तके त्यांनी नावे घेऊन पुढ्यात ओढली आणि त्यांत 'मुक्तामाला' व 'मंजुघोषा' या दोन्ही आहेत. पुरुषांनी आपल्या सोयीने रचलेल्या बायकांवरून खऱ्या बायकांची परीक्षा का करावी, हा त्यांच्या टीकेचा रोख. शाळा-कॉलेजाचे दार न पाहिलेली, वऱ्हाडात घरी बसून वाचणारी एक स्त्री लोकप्रिय कादंबऱ्यांचे इतके निर्भीड परीक्षण करते, हे मराठी समीक्षेच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिले जावयास हवे होते. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये तिची पाठराखण केली. इतरांनी ते पुस्तक विसरून टाकले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा उजेडात आणले, तेव्हा त्र्याण्णव वर्षे लोटली होती.

ताराबाईंच्याही आधी, 'मुक्तामाला' छापली जाण्यापूर्वी सहा वर्षे, आणखी एका मुक्तेने लिहिले होते. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी, मांग समाजातील, वयाने आपल्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलींएवढी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ती सांगते की, मोठमोठ्या इमारती बांधताना आमच्या लोकांना त्यांच्या जागांवरून हुसकावले गेले आणि तेलात शेंदूर कालवून तो पाजून त्यांना पायांत पुरले गेले.

गॉथिक कादंबरी ज्याच्या शोधात असते ते इथे एका शाळकरी मुलीच्या निबंधात आहे : वाडा, त्याच्या पायाखालचे प्रेत आणि ते रहस्य ठाऊक असलेली एक किशोरी. फरक इतकाच की येथे काल्पनिक काही नाही. व्हिक्टोरियाकाळच्या मराठी कादंबरीकारांनी भुयारे पुष्कळ खणली. परंतु हा पाया कोणी उकरला नाही. त्यांच्या भुयारांत राजकन्या सापडतात, मांग-महार सापडत नाहीत. बाणाच्या चांडाळकन्येला देवी व्हावे लागले, तर हळबे-रिसबुडांच्या जगात तिला प्रवेशच नव्हता. अद्भुत कादंबरीने सवर्ण तरुण-तरुणींना कल्पनेत तरी एक मोकळी जागा दिली. बाकीच्यांना तीही दिली नाही आणि म्हणून त्यांचे वाङ्मय अद्भुताने सुरू न होता साक्षीने सुरू झाले.

आता राहिलेला प्रश्न, भुतांचा. कथेतील भूत म्हणजे भुतावरील श्रद्धा नव्हे. गॉथिक लेखकांतच ॲन रॅडक्लिफ ही एक लेखिका होती. तिची 'युडोल्फो' १७९४ साली आली. तिच्या कथांत आधी भुताचा सगळा थरार असतो आणि शेवटी प्रत्येक आवाजाचे, प्रत्येक सावलीचे मानवी कारण उलगडते. बहुधा त्यामागे एखाद्याचा मालमत्तेवरचा डोळा निघतो. बुवाबाजीचा भांडाफोड करणारे कार्यकर्ते गावोगाव जे करतात, ते हेच. आपल्या त्रिपिटकातील खुद्दकनिकायात 'पेतवत्थु' हा एक्कावन्न प्रेतकथांचा संग्रह आहे. तेथेही प्रेताला मंत्राने बांधावयाचे नसते. तू काय केलेस, हे त्याला विचारावयाचे असते. याउलट भवभूतीच्या अघोरघंटाला केवळ जुन्या नाटकातले पात्र समजून सोडून देता येत नाही, कारण नरबळीविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला २०१३ साली करावा लागला. तेव्हा पिशाचाची कादंबरी वाचणाऱ्या मुलाच्या हातून पुस्तक काढून घेण्यापेक्षा, यातील पिशाच कोणाच्या फायद्याचे आहे, असे त्याला विचारावे.

मला काळजी वाटते ती भुताची नव्हे, दुसऱ्याच एका गोष्टीची. या नव्या इंग्रजी पुस्तकांतील नायक पुष्कळदा नायिकेवर पाळत ठेवतो, तिला न विचारता तिचे निर्णय घेतो, रात्री तिच्या खोलीत शिरतो, आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते. ताराबाई असत्या तर त्यांनी याचा चांगलाच समाचार घेतला असता. मुलींनी आणि मुलांनीही ही पुस्तके वाचताना बुलढाण्याच्या त्या बाईंची नजर उसनी घ्यावी.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले आणि १९७८ मध्ये ते अठरा झाले. त्या दोहोंच्या मध्ये, जुलै १९४२ मध्ये, याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की मुलांवर लग्न लादण्याची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे. आणि लग्न करणारी मुलगी नवऱ्याची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीने उभी राहो, दासी म्हणून नव्हे. रिसबुडांना आपल्या समाजात जे सापडले नाही म्हणून ते अद्भुताकडे वळले, तेच येथे एका उघड्या सभेत, दिवसाढवळ्या, कोणत्याही चमत्काराशिवाय मागितले जात होते.

आपल्या वसतिगृहात आज सोळा-सतरा वर्षांच्या मुली रात्री अभ्यास आटोपून दिव्याखाली कादंबऱ्या वाचतात. दहावीची परीक्षा संपली की त्यांच्यापैकी एखादीसाठी अजूनही गावाकडून स्थळाचा निरोप येतो. अशा वेळी गृहमाता आणि शिक्षक गावी जातात, आईवडिलांसमोर बसतात आणि बोलणी करतात. बहुतेक वेळा मुलगी अकरावीला परत येते. कधी येत नाही.